आजारांचे कोड बदलणार. सिकलसेलग्रस्तांचे काय होणार?

सरकारी दप्तरात माणूस आजारी पडतो तो नावाने नाही, आकड्याने. मेयोत किंवा मेडिकलमध्ये भरती झालेल्या रुग्णाला सुटी मिळाली की त्याचा केसपेपर रेकॉर्ड विभागात जातो आणि तिथे त्याच्या आजाराला एक कोड लागतो. हा कोड सगळ्या जगात सारखा असावा म्हणून जागतिक आरोग्य संघटना एक यादी ठेवते. तिला आयसीडी म्हणतात, म्हणजे आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. या यादीची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. आपल्या देशात मृत्यूच्या कारणांची नोंद याच दहाव्या आवृत्तीवर होत आली आहे. आता अकरावी आवृत्ती आली आहे. मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ती स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. एकेक देश जुने कोड सोडून नव्या कोडवर जात आहे. हा बदल आज ना उद्या नागपूरच्या रुग्णालयांतील संगणकांपर्यंत येणारच.

यात आंबेडकरी दैनिकाने लिहावे असे काय आहे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. कोड, संगणक, सॉफ्टवेअर हा तर कंत्राटदारांचा आणि मंत्रालयातील अधिकाऱ्यांचा विषय. आमचे म्हणणे उलट आहे. कोणाला कोणत्या रकान्यात टाकायचे आणि कोणाला मोजायचेच नाही, या प्रश्नाचे चटके आमच्या समाजाने जितके सोसले तितके क्वचितच कोणी सोसले असतील.

१९३२ साली लोथियन समिती मताधिकाराची चौकशी करत देशभर फिरली, तेव्हा काही प्रांतांतील सवर्ण पुढाऱ्यांनी आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच, असे सांगायला सुरुवात केली. आकडा खाली आणला की प्रतिनिधित्व खाली येते, हा त्यामागचा हिशेब होता. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. त्यांनी हा डाव ओळखला आणि आपले वेगळे टिपण जोडले. पुढचा अनुभव तर याच नागपूरचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला. १९५१ च्या जनगणनेत देशात बौद्धांची संख्या सुमारे १ लाख ८१ हजार होती. १९६१ मध्ये ती साडेबत्तीस लाख झाली. माणसे तीच, वस्ती तीच, गरिबी तीच. रकाना तेवढा बदलला. पण जुन्या रकान्याला लागू असलेल्या सवलती नव्या रकान्याला कशा लागू करायच्या, याची सोय दिल्लीने केली नाही. महाराष्ट्राने १९६० साली राज्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या. केंद्राच्या यादीत बौद्धांचे नाव यायला १९९० साल उजाडले. धम्म स्वीकारला तेव्हा जन्मलेले मूल तोवर चौतीस वर्षांचे झाले होते.

संगणकाच्या भाषेत याला मॅपिंगची चूक म्हणतात. जुन्या यादीतील नोंद नव्या यादीत कुठे जाईल हे आधी ठरवायचे, ते बरोबर ठरले आहे का हे तपासायचे आणि मगच जुनी यादी बंद करायची. हे झाले नाही तर माणूस दोन याद्यांच्या मधल्या फटीत पडतो. आजारांचे कोड बदलतानाही धोका हाच आहे आणि त्याचे सर्वात ठळक उदाहरण आमच्याच घरात आहे. ते म्हणजे सिकलसेल.

विदर्भातील वाचकाला सिकलसेल काय हे सांगण्याची गरज नाही. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, तेव्हापासून हा आजार इथे आहे हे जगाला ठाऊक आहे. गोंड, माडिया, परधान या आदिवासी जमातींबरोबरच पूर्वाश्रमीच्या महार समाजात त्याचे प्रमाण मोठे आहे. रक्ततपासणीत 'एएस' आले तर तो वाहक. त्याला सहसा त्रास नसतो. 'एसएस' आले तर तो ग्रस्त. त्याच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडे फुटावीत अशा वेदनेचा झटका येतो. डॉक्टर त्याला क्रायसिस म्हणतात. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त होण्याची शक्यता चारात एक.

आता कोडकडे पाहा. थोडे किचकट आहे, पण वाचकांनी हा परिच्छेद सोडू नये. दहाव्या आवृत्तीत सिकलसेलचा कोड डी ५७. त्यापुढे टिंब देऊन एक अंक. शून्य म्हणजे क्रायसिससह आजार. एक म्हणजे क्रायसिसशिवाय आजार. दोन म्हणजे सिकलसेलबरोबर थॅलेसेमियासारखा दुसरा दोष असलेला, म्हणजे दुहेरी दोषाचा रुग्ण. तीन म्हणजे केवळ वाहक. अकराव्या आवृत्तीत याच घराण्याचा कोड ३ए५१ झाला आणि पुढच्या अंकांचा क्रम पालटला. आता शून्य म्हणजे वाहक. एक म्हणजे क्रायसिसशिवाय आजार. दोन म्हणजे क्रायसिससह आजार. तीन म्हणजे दुहेरी दोष, क्रायसिसशिवाय. चार म्हणजे दुहेरी दोष, क्रायसिससह.

एखाद्या घाईतल्या प्रोग्रॅमरने डी ५७ च्या जागी ३ए५१ लिहिले आणि पुढचा अंक तसाच ठेवला तर काय होईल? क्रायसिसमध्ये तळमळत वॉर्डात आलेला मुलगा कागदोपत्री निव्वळ वाहक ठरेल, म्हणजे जवळजवळ निरोगी. जो खरोखर वाहक आहे तो दुहेरी दोषाचा रुग्ण ठरेल. एक अंक जसाच्या तसा राहिला म्हणून एकाचे आजारपण पुसले गेले आणि दुसऱ्याच्या माथी आजार मारला गेला. ज्या घरात लग्न जुळवताना सिकलसेलचा रिपोर्ट विचारला जातो, तिथे अशा खोट्या शिक्क्याची किंमत काय असते हे आम्ही मंत्रालयाला समजावून सांगावे काय? संगणक यात कुठेही लाल दिवा लावणार नाही. दोन्ही कोड यादीत आहेत, दोन्ही वैध आहेत. कोड वैध आहे का, एवढेच तपासणारी चाचणी या चुकीला उत्तीर्ण करून पुढे पाठवील.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. जुन्या यादीत दुहेरी दोषाचा कोड एकच होता. नव्या यादीत त्याचे दोन झाले. जुन्या रुग्णाला क्रायसिस होता की नव्हता, हे जुना कोड सांगत नाही. ते केसपेपर सांगतो. म्हणून तिथे कोणतेही यंत्र परस्पर निवाडा करू शकत नाही. रेकॉर्ड विभागातल्या माणसाने कागद उघडून वाचावा लागतो. त्यासाठी वेळ, माणसे आणि पैसा हवा. चाचणीचा आराखडा करताना हे काम धरले नाही, तर कंत्राटदार सगळ्यांना सरसकट एका कोडमध्ये ढकलणार. त्याला बिल काढायचे असते.

या कोडवर काय काय लटकलेले असते? अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत सिकलसेलचा समावेश झाला. प्रमाणपत्र मिळते ते ग्रस्ताला, वाहकाला नाही. एसटीच्या प्रवासातली सवलतही ग्रस्तालाच. १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांनी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. मोहिमेचा रोख आदिवासीबहुल भागांवर आहे आणि तो असलाच पाहिजे. आदिवासी बांधवांच्या वाट्यातले आम्हाला काही नको. पण उत्तर नागपुरातील बौद्ध वस्तीतला ग्रस्त मुलगा कोणत्या मोहिमेच्या यादीत येणार? आदिवासी क्षेत्राबाहेर हा आजार किती आहे, हे सरकारपुढे ठेवायचे तर आमच्याकडे पुरावा कोणता? रुग्णालयांच्या नोंदी. त्या नोंदीच कोड बदलताना बिघडल्या, तर उद्या विधानसभेत उत्तर मिळेल की आकडेवारीनुसार रुग्ण घटले आहेत.

कोड बदलण्याचा मोठा धडा अमेरिकेत आहे. ते लोक जुन्या नवव्या आवृत्तीवर फार वर्षे अडून राहिले. दहावीवर जाण्याची तारीख आधी २०१३ ठरली, मग २०१४, मग २०१५. शेवटी १ ऑक्टोबर २०१५ रोजी बदल झाला. रोगनिदानाचे कोड सुमारे चौदा हजारांवरून सुमारे एकोणसत्तर हजारांवर गेले. त्याआधी जानेवारी, एप्रिल आणि जुलैमध्ये त्यांच्या सरकारी विमा योजनेने सुरुवातीपासून शेवटपर्यंतची चाचणी घेतली. म्हणजे दावा पाठवण्यापासून तो मंजूर किंवा नामंजूर होईपर्यंतची पूर्ण वाट. जानेवारीत १४ हजार ९२९ दावे तपासले गेले आणि त्यांतले ८१ टक्के स्वीकारले गेले. एप्रिलमध्ये ८८ टक्के, जुलैत ८७. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. जानेवारीत जे १९ टक्के परत आले त्यांत कोडमुळे अडलेले सहाच टक्के होते. उरलेले तेरा टक्के दुसऱ्याच कारणांनी अडले: चुकीचा नोंदणी क्रमांक, चुकीची तारीख, असले काही. नुसत्या कोडची यादी तपासून भागत नाही, सबंध वाट चालून पाहावी लागते, हे त्यांना बदलाच्या आठ महिने आधी कळले. आधी कळले हे महत्त्वाचे.

अमेरिकी रुग्णालयांच्या कोडिंगचे पुष्कळ काम भारतात होते. बी.एस्सी. किंवा बी.फार्म. झालेली आमच्या वस्त्यांमधली मुलेमुली पुणे, हैदराबाद, चेन्नईला जाऊन हे काम करतात. तिकडच्या रुग्णाचा डावा गुडघा दुखतो की उजवा, हेही त्यांना कोडमध्ये नोंदवावे लागते. आणि इकडे त्यांच्या सख्ख्या भावाच्या मृत्यूचे कारण कदाचित कुठे नोंदलेलेही नसते. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केले होते. या मुलांना हे तंत्र येते. सरकारला चाचणीसाठी माणसे हवी असतील तर त्यांना बोलवावे, सन्मानाचा पगार द्यावा. रोजंदारीवर राबवू नये.

आपल्याकडे चाचणी कशी होते ते सर्वांना ठाऊक आहे. कंत्राटदाराचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो, 'टेस्ट पेशंट, वय ३५, ताप' अशी नोंद करतो, पडद्यावर हिरवी खूण येते, अधीक्षक सही करतात, फोटो निघतो. सोमवारच्या ओपीडीची गर्दी त्या चाचणीत नसते. वीज जाणे नसते. नावाचे तीन तऱ्हेचे स्पेलिंग नसते. सहा महिन्यांचा असल्यापासून दर पावसाळ्यात भरती होणारा मुलगा नसतो. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांमधली संगणकीय नोंदप्रणाली २०२२ साली कंत्राटदाराशी झालेल्या वादातून बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहिण्याची पाळी आली. रांगेत उभा राहिला तो गरीब रुग्ण. कंत्राटदार आणि खाते यांचे काय ते न्यायालयात बघून घेतील. प्रश्न असा की बंद पडले तर काय करायचे, याची रंगीत तालीम कोणी कधी केली होती काय?

म्हणून चाचणीच्या आराखड्यात काय असावे, हे आम्ही आताच सांगून ठेवतो. खऱ्या केसपेपरवर, नाव-पत्ता झाकून आणि जातीचा रकाना पूर्ण काढून, काही महिने दुहेरी कोडिंग व्हावे. एकाच कागदाला एकाने जुना कोड लावावा, दुसऱ्याने नवा आणि दोन्हींचे महिन्याचे बेरीजपत्रक शेजारी ठेवावे. ग्रस्तांचा आकडा अचानक खाली आला तर पेढे वाटण्याआधी मॅपिंग तपासावे. बदलाच्या तारखेआधी भरती झालेला आणि नंतर सुटी मिळालेला रुग्ण कोणत्या यादीत, हे लेखी ठरवावे. अमेरिकेत भरती रुग्णांसाठी सुटीची तारीख धरली. जुन्या नोंदीवर नवा कोड खोडून लिहू नये, शेजारी लिहावा. सिकलसेलचे सगळे रुग्ण शोधा म्हटले की जुने आणि नवे दोन्ही सापडले पाहिजेत.

आणखी एक गंमत, जी गंमत राहणार नाही. नव्या यादीत कोडचे दुसरे अक्षर नेहमी इंग्रजी वर्णमालेतले असते. तीव्र विषाणूजन्य काविळीचा कोड आहे १ई५०. जिल्ह्याच्या कार्यालयात सगळी माहिती शेवटी एक्सेलच्या तक्त्यात उतरते. एक्सेलला हा कोड दिला तर तो त्याला संख्या समजतो: एकावर पन्नास शून्ये. उन्हाळ्यात झोपडपट्टीत कावीळ पसरली आणि अहवालात असले शून्य छापून आले, तर साथ कोणाला दिसणार? हे तपासायला पाच मिनिटे लागतात, पण ते तपासायचे हे ज्याने जिल्हा कार्यालयातला तक्ता पाहिला आहे त्यालाच सुचते. म्हणून डाटा एंट्री ऑपरेटर, रेकॉर्ड विभागातील कारकून, वॉर्डातील सिस्टर आणि सिकलसेलचे समुपदेशक हे चाचणीच्या टेबलावर हवेत. नुसते बसवू नका. त्यांच्या सहीशिवाय प्रणाली सुरू होणार नाही असा नियम करा.

गटारात उतरून गुदमरलेल्या सफाई कामगाराचेही बघा. दहाव्या आवृत्तीत अशा मृत्यूला बहुधा विषारी वायूच्या अपघाताचा कोड लागतो. त्यात वायू दिसतो, गटार दिसत नाही आणि त्याला तिथे उतरवणारा तर मुळीच नाही. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. भरपाई मागताना रुग्णालयाचा कागद लागतो. अकराव्या आवृत्तीत मूळ कोडला जोडकोड लावून परिस्थितीची जास्त माहिती देता येते, ही चांगली सोय आहे. पण सॉफ्टवेअरमधला रकाना जुन्या चार-पाच अक्षरांच्या कोडपुरताच ठेवला असेल तर जोडकोड कापला जाईल आणि कोणाला कळणारही नाही. रकाना किती लांब आहे, असा क्षुल्लक वाटणारा हा प्रश्न आहे. एका विधवेच्या दृष्टीने तो क्षुल्लक नाही.

सरकारला या यादीत रस नाही असे मात्र म्हणता येणार नाही. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या संज्ञांचा विभाग अकराव्या आवृत्तीत यावा म्हणून दिल्लीने मोठा जोर लावला आणि १० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीतच त्याचा समारंभ केला. वात-पित्ताला जागतिक कोड मिळवून देण्याची ही तडफ सिकलसेलचे कोड तपासण्यात दिसली, तर आम्ही जाहीर स्वागत करू.

तोपर्यंत वाट पाहत बसण्याचे कारण नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा आहे आणि अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत. कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांत आणि आरोग्य खात्यात तीन प्रश्न टाकावेत. आजारांच्या कोडची अकरावी आवृत्ती कधी लागू करण्याचे ठरले आहे? डी ५७ च्या प्रत्येक उपकोडचे नवे कोड कोणते ठरवले आणि ते कोणत्या अधिकाऱ्याने तपासले? आणि चाचणी समितीत सिकलसेलग्रस्तांचा प्रतिनिधी आहे काय, असल्यास त्याने कोणत्या बैठकीला हजेरी लावली? 'अद्याप काही ठरलेले नाही' असे उत्तर आले तरी ते जपून ठेवावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज टाकावा.